खडूचे गोल

प्रिय मिस्त्रीणबाई,

आता तू मोठी इंजिनिअर झालीस, ऑफिसात तुला सगळे मॅडम म्हणतात असं आई सांगते. पण माझ्या लेखी तू अजून ती दोन वेण्यांची मिस्त्रीणबाईच, तेव्हा नाक मुरडू नकोस. पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगतो, आम्ही दोघं हातीपायी धड आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याच्यापेक्षा आई जास्त कुरकुरते, त्यामुळे काळजीचं कारण नाही. बातमी आहे ती आपल्या इमारतीची. पुढच्या रविवारी सगळे रहिवासी खाली शिंप्याच्या दुकानात जमणार आहेत आणि हात वर करून ठरवणार आहेत, की ही इमारत दुरुस्त करून घ्यायची की पाडून त्या जागी नवी बांधायची. हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण गेल्या वेळी तुझा फोन आला तेव्हा आई बाजारात गेली होती, मीच उचलला, तू बराच वेळ बोललीस, आणि त्यानंतर तुझा फोनच नाही. म्हणून लिहायला बसलो. पत्र लिहायची सवय मोडली आहे, तेव्हा गाडी इकडेतिकडे गेली तर सांभाळून घे.

नवी इमारत बांधून देणारा माणूस दोनदा येऊन गेला. माणूस वाईट नाही, गोड बोलतो, आणि त्याने आणलेलं चित्र तर इतकं देखणं की बघतच राहावं. चित्रात झाडाखाली बाकावर आमच्या वयाची माणसं बसली आहेत, पण सगळी अशी तुकतुकीत की त्यांना कधी सर्दीसुद्धा झाली नसेल. लिफ्ट आहे, वरच्या मजल्यापर्यंत नळाला जोरात पाणी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई त्या लिफ्टच्या चित्रावरून बोट फिरवत होत्या. दिवसभर पेशंटना उचलून-बसवून दमलेली ती बाई कठड्याला धरून एकेक जिना चढते, ते मी रोज बघतो. तिला लिफ्ट नको असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण शिंप्याचं दुकान नव्या इमारतीत नाही. तळमजल्यावर गाड्या उभ्या राहणार. त्याचं मशीन तुझ्या लहानपणी जिथे होतं तिथेच आहे, खिडकीच्या उजेडात, आणि त्याचं सगळं गिऱ्हाईक या एका गल्लीतलं. शिवाय नवं होईपर्यंत काही वर्षं प्रत्येकाने भाड्याची खोली बघायची. तोपर्यंत आपण असू का, असं आईने मला विचारलं आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

मी जन्मभर दुरुस्तीवाला, आणि तू पाडून बांधणाऱ्यांच्या कंपनीत लागलीस तेव्हा मी म्हणालो होतो, चला, घरात दोन्ही पक्ष झाले. ती चेष्टा होती गं. तू ती मनाला लावून घेतलीस असं आई म्हणते. पाडणं म्हणजे पाप असं मी कधीच मानलं नाही. नदीकडची ती पिवळी इमारत आठवते का, जिच्या कॉलमवर आपण खराब जागांचे इतके गोल खडूने काढले की गोवर आल्यासारखी दिसायला लागली? तिच्या मालकाला मीच सांगितलं होतं, की दुरुस्तीचं काम मी घेणार नाही, माणसं बाहेर काढा आणि पाडा. घरी आल्यावर तू रडलीस, कारण तिथल्या एका मुलीशी तुझी गट्टी जमली होती. माझं म्हणणं एवढंच, की आधी तपासावं आणि मग ठरवावं. लोक कंटाळले म्हणून पाडतात आणि जीव जडला म्हणून ठेवतात, आणि दोन्ही वेळी भिंतीला कुणी काही विचारत नाही.

तर इमारतीत आयुष्यभर डागडुजी केलेला माणूस राहतो म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळणारच. मी म्हणालो, मला थोडे दिवस द्या, मी सगळी इमारत ठोकून बघतो. तुझ्या कंपनीतली भिंती तपासायची यंत्रं मागवा असंही कुणीतरी म्हणालं, पण शिंपी म्हणाला, हे एकदा ठोकून बघताहेत ना, मग झालं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. कपाटाच्या वरून हातोडी काढली. तिचा दांडा माझ्या पंज्याच्या आकाराने झिजलेला, दुसऱ्या कुणाच्या हातात ती नीट बसत नाही. खिशात खडू टाकला, तेव्हा आई म्हणाली, आता पुन्हा पांढरे खिसे धुवायचे का. तोंडाने असं म्हणाली, पण खूश होती. कामावर निघालेला नवरा तिला बऱ्याच वर्षांनी बघायला मिळाला.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहितो, कारण लिहायला बरं वाटतं. गिलावा आणि आतलं काँक्रीट एकमेकांना धरून असेल तर हातोडीचा आवाज खणखणीत येतो. आत सळई गंजून फुगली असेल, काँक्रीट सुटलं असेल, तर आवाज बद्द येतो, तडा गेलेल्या माठासारखा. चांगलं असेल तिथे खडूने बरोबरची खूण करायची, बद्द असेल तिथे गोल. गोल म्हणजे तेवढं फोडायचं, गंज खरवडायचा, नवं भरायचं. रविवारी आईची दवाखान्यात ड्यूटी असायची आणि तू माझ्याबरोबर कामावर यायचीस. मी ठोकायचो आणि तू भिंतीला कान लावून उभी राहायचीस, डोळे गच्च मिटून, जसं काही भिंत तुला एकटीलाच गुपित सांगणार आहे. गोल काढायचं काम तुझं. तुझे गोल बटाट्यासारखे यायचे, आणि एखादा खरंच गोल आला की तू मला तिथून हलूच द्यायची नाहीस. एकदा शाळेच्या मागच्या घरात मी एक कॉलम ठोकला, चांगला आहे म्हणून खूण केली आणि पुढे गेलो. तू हललीच नाहीस. तिथूनच ओरडलीस, बाबा, बद्द! कामावरची माणसं हसली. मी मागे आलो, पुन्हा ठोकला, खूप खाली, जिथे तुझा कान होता तिथे. बद्द होता. मी खूण पुसली आणि खडू तुझ्या हातात दिला. त्या दिवसापासून तू मिस्त्रीणबाई.

तर मी सगळी इमारत ठोकली. गच्चीपासून सुरुवात केली आणि खाली उतरत आलो. जिन्याच्या वळणावर तू थापीने केलेला तो पहिला गिलावा अजून आहे, सगळा उंचसखल, रंग देणारे दर वेळी विचारतात हा खरवडायचा का, आणि मी दर वेळी नाही म्हणतो. घराघरांत गेलो. नर्सबाईंनी स्वयंपाकघरातली मांडणी स्वतः सरकवून दिली. वरच्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलंय, त्यांचं बाळ अजून रांगतंय. मी बाल्कनीचा बीम ठोकत होतो आणि ते दर ठोक्याला डोळे मिचकावत होतं. मला इतकं छान वाटत होतं म्हणून सांगू! हातात ताकद होती, मनगट वळत होतं, प्रत्येक ठोका खणखणीत. मी बरोबरच्या खुणा करत गेलो. मग सगळ्यांना दुकानात बोलावून सांगितलं, इमारत ठणठणीत आहे, वरवरची डागडुजी केली की आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. त्याने माझा हात धरला तो सोडेना. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर ठीक, पाडायला नको, चढेन मी. ते नवं जोडपं पाडण्याच्या बाजूचं होतं, पण तेही म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे.

त्याच संध्याकाळी आई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली. घडी घालता घालता तिने विचारलं, सगळीकडे बरोबरच्याच खुणा कशा? मी म्हणालो, म्हणजे काय, बरोबर आहे म्हणून. ती म्हणाली, मी गच्चीपासून खालपर्यंत बघत आले, एकही गोल नाही. मी तिच्यावर खेकसलो, की दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या बाईने यात नाक खुपसू नये. तिने माझ्या शर्टाची घडी घालून वर ठेवली. पण जेवताना माझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं. तिला काम कळत नाही, पण माझे खिसे तिनेच धुतले आहेत, आणि इतक्या वर्षांत मी काय काय सांगत घरी आलो ते तिनेच ऐकलं आहे. कालपरवा बांधलेल्या इमारतीतसुद्धा मी दोन-चार गोल काढल्याशिवाय बाहेर पडलेलो नाही. आणि आपल्या इमारतीचं वय बघ. एकही गोल नाही असं घर जगात नसतं, हे मीच लोकांना सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आईने दोन कप टेबलावर ठेवले. एक धड, एक तडा गेलेला, ज्यात ती सुट्टे पैसे टाकते तो, रिकामा केलेला. मला म्हणाली, खिडकीकडे तोंड करून बस. मी म्हणालो, हा काय पोरखेळ, पण बसलो. माझ्या पाठीमागे तिने चमच्याने कप वाजवले. आधी एक, मग दुसरा. मग उलटे. मी दर वेळी म्हणालो, खणखणीत. शेवटी मागून काहीच येईना, म्हणून मी वळून बघितलं. ती तडा गेलेला कप हातात घेऊन तो वाजवतच होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी घाबरलो गं. असा मी परांचीवरून पाय घसरला तेव्हाही घाबरलो नव्हतो. आईला हे बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. ती माझ्याशी बोलताना खिडकीपाशी जाऊन उभी राहते, उजेडाकडे तोंड करून, आणि मला वाटायचं, हिला बाहेर बघायची हौस. मी रेडिओ मोठा लावला की ती दार लावून घ्यायची, मला वाटायचं, वारा येतो म्हणून. बेल वाजली की ती आतूनच धावत यायची आणि मी म्हणायचो, एवढी कसली घाई. समोर बसलेल्या माणसाचे ओठ दिसले की मी बरोबर उत्तर देतो, म्हणून मला स्वतःला पत्ताच नव्हता. की होता, आणि मी त्याला घरात घेत नव्हतो, देव जाणे. नंतर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, बारीक आणि चढे आवाज गेलेत, यंत्र लावू, बोलणं पुष्कळ सुधारेल. मी त्यांना हातोडीचं विचारलं. ते म्हणाले, कसली हातोडी? मग आईने त्यांना समजावून सांगितलं, आणि ते म्हणाले, त्याची खात्री मी देत नाही.

पण मग मला भिंती खणखणीत कशा लागल्या, याचा मी खूप विचार केला. ठोका हाताला लागतो, मनगटातून वर येतो, आणि त्याच्याबरोबर येणारा आवाज इतकी वर्षं ऐकलेला आहे की डोकं तो आपला आपणच भरून टाकतं. मी ऐकला तो आवाज आपल्या इमारतीचा नव्हता. कुठल्या तरी जुन्या, धडधाकट भिंतीचा होता, जी मी आणि तू कधीकाळी ठोकली असेल. ज्या आवाजावर मी घर चालवलं, तुझं शिक्षण केलं, तो मला आता ऐकू येत नाही. त्या सकाळी आईने कप धुऊन जागेवर ठेवले आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मग मी ओलं फडकं घेतलं आणि गच्चीपासून सगळ्या खुणा पुसत खाली आलो. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. काय झालं म्हणून विचारलं त्यांना सांगितलं, पुन्हा तपासायचं आहे, माझ्या शब्दावर जाऊ नका. त्या जोडप्याला बाळाचा पाळणा बाल्कनीच्या बाजूने हलवून आतल्या भिंतीकडे घ्यायला लावला, आणि तिथल्या बीमला दोन टेकू लावून दिले. बाल्कनीत कुणी जायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. बाळाची आई घाबरून माझ्याकडे बघत होती, टेकू कशाला, कालपर्यंत ठणठणीत होती ना? मी तिला खरं सांगू शकलो नाही. शिंप्याने मशीनवरचं कापड दोनदा उलटसुलट केलं आणि पुन्हा होतं तसंच ठेवलं. पण रविवारी मी उभा राहून सगळ्यांना खरं सांगणार आहे, की मला ऐकू येत नाही. त्याआधी इमारत खरी कशी आहे ते कळायला हवं. नाहीतर अर्धे लोक मला वाईट वाटू नये म्हणून दुरुस्तीला हात वर करतील, आणि अर्धे घाबरून पाडायला. त्यात बाळाचं, शिंप्याचं, नर्सबाईंच्या जिन्याचं कुणी बघणार नाही.

म्हणून तू ये. रविवारच्या आत ये. तुझी यंत्रं आण, त्यांच्याविरुद्ध मी आता एक शब्द बोलणार नाही. पण यंत्र लावायच्या आधी एकदा आपण आपल्या पद्धतीने सगळी इमारत फिरू. मी ठोकतो, तू ऐक. माझ्या मनगटात अजून जोर आहे, ठोका सरळ बसतो, तेवढं काम माझ्याकडे राहू दे. गोल तू काढ. बटाट्यासारखे आले तरी चालतील. तू म्हणालीस दुरुस्त होईल, तर मी शिंप्याला जाऊन सांगेन, आणि नर्सबाईंसाठी जिन्याच्या बाजूला लिफ्ट बसते का ते तूच बघ, असं हल्ली करतात म्हणे. आणि तू म्हणालीस पाडायला हवी, तर तेही मीच सगळ्यांना सांगेन, तुझ्या तोंडून वदवणार नाही. तुझ्या पहिल्या गिलाव्यासकट पाडू. मला रडू येईल, ते आत्ताच सांगून ठेवतो, पण तुझा राग येणार नाही.

आता खरं काय ते लिहितो, कारण बाकीचं सगळं याच्या आधी लिहून मी नुसता वेळ काढत होतो. फोनवर तू बोलायला लागलीस की मी पटकन आईच्या हातात फोन द्यायचो, म्हणून तुला वाटतं मी तुझ्या नोकरीवरून अजून रागात आहे. आईजवळ तू तसं म्हणालीस, आणि तिने मला ते खिडकीपाशी उभं राहून सांगितलं. मी रागात नव्हतो. फोनमध्ये ओठ दिसत नाहीत. गेल्या वेळी घरात मी एकटाच होतो. तू खूप वेळ बोललीस, मधेच थांबलीस, मग हळू आवाजात काहीतरी विचारलंस. मला एवढंच कळलं, की तो प्रश्न होता, आणि तुला त्याचं उत्तर हवं होतं. मी म्हणालो, बरं बरं, बघू. तू फोन ठेवलास. आई आल्यावर तिने विचारलं, पोर काय म्हणाली? मला सांगता आलं नाही. मिस्त्रीणबाई, तू जे विचारलंस ते मी ऐकलेलंच नाही. ते बरं बरं, बघू तुझ्या प्रश्नाला नव्हतं. तू आलीस की आधी माझ्यासमोर बस, उजेडाकडे तोंड कर, आणि मला ते पुन्हा एकदा विचार.

तुझी वाट बघणारा,
तुझाच,
बाबा